सैल हात

गंगावेशीत, गिरणीच्या माडीवर,
सोमवारी बाजार बंद असतो तेव्हा
आम्ही सात जणी बसायचो.
जिन्यावर पीठ, कठड्यावर पीठ,
काळ्या लोकरीवर तर पहिल्याच दिवशी पीठ.
प्रत्येकीचे सहा चौकोन,
बेचाळीस चौकोनांचे बेचाळीस नमुने,
एकासारखा दुसरा नको, एवढंच ठरलेलं.

"गोधडी न्हवं ही," अक्काताई घोरपडे म्हणायची,
"गोधडीत जुनं घालत्यात. ह्यात समदं नवंच हाय."
तिला दिसत कमी. खांब बोटांनी मोजायची,
एखादा चुकला तर उसवायची नाही,
पुढच्या ओळीत एक चोरून घ्यायची
आणि वर आमच्याकडं बघून हसायची.

सुई सगळ्यांची साडेतीन नंबरची,
लोकर महाद्वार रोडच्या एकाच दुकानातली,
तरी त्रिशला चौगुलेचा चौकोन आवळलेला, टणक;
पतसंस्थेत तीस वर्षं वह्या जुळवलेल्या तिनं,
पैसुद्धा सुटत नसे, मग धागा कसा सुटावा?
आणि माझा?
माझा मोजपट्टीच्या बाहेर बोटभर,
मधे फुगलेला, कडेला लाटा.
"तुझा हातच सैल," शमशाद शिकलगार म्हणाली.
सासूही हेच म्हणायची, पण तेलाबद्दल.

दूधकट्ट्यावर म्हशी यायच्या वेळेला
आम्ही सुया गुंडाळायचो.
"येतो गं," "येतो,"
बायकाच आम्ही, पण येतो म्हणूनच उतरायचो.

जोडून झालं तेव्हा प्रश्न आला, ठेवायचं कुणी?
विकायला कुणाचं मन होईना,
द्यायला नाव सुचेना.
मग चिठ्ठ्या. दोन-दोन महिने एकेकीकडं.
त्रिशलाला डिसेंबर लागला.
मला एप्रिल.

एप्रिलमध्ये, कोल्हापुरात, लोकर!
शेजारीण गच्चीवर शेवया वाळत घालत होती,
मी आत पंखा पाचावर करून
ते ओझं मांडीवर घेऊन बसले.
लाईट गेली, पंखा थांबला, तरी काढलं नाही.
अंधारात बोटांनी ओळखत गेले:
हा अक्काताईचा, इथं तिनं चोरलंय.
हा त्रिशलाचा, नख शिरत नाही.
हा माझा.
हा माझा.
हा

माझा नव्हता.
जागा माझी, निळा माझा,
मधलं फूलही मीच निवडलेलं,
पण खांब सगळे ताठ उभे
शाळेच्या रांगेसारखे.
कुणीतरी माझा चौकोन काढून, उसवून,
नीट करून
परत बसवला होता.
कधी? कुणी? मला न सांगता,
मापात बसावा म्हणून. प्रेमानंच, असणार.

चार रात्री मी कुणाला फोन केला नाही.
पाचव्या रात्री कात्री घेतली,
जोडाचा टाका कापला,
ते शहाणं निळं सगळं उसवलं.
धागा शेवयांसारखा वळ्या-वळ्यांनी पडला.
त्याला पाण्याचा हात फिरवून सरळ करतात,
मी नाही केला.
तसाच घेतला, साखळी घातली,
आणि माझ्या हातानं, जसा आहे तशा हातानं
परत विणला.
शेजारचे चौघे थोडे सरकले. जागा झाली.

एक जूनला शमशादकडं पोचवलं.
तिनं दारातच पसरलं, तळवा फिरवला,
फेरी-फेरीनं, कडेपासून आत,
आणि निळ्यावर हात थांबला.
थांबून राहिला.
मी चपलेचा अंगठा घट्ट करत होते.

"आत ये की," ती म्हणाली,
"चहा ठेवतो."
घडी घालताना तिनं तो चौकोन वर ठेवला.
फुगलेला होता; घडी नीट बसेना.